वहिनींच्या हातची भाजी

१९६४ सालच्या श्रावणातली गोष्ट. ह्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीच्या कडेने फिरवून तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान झालीय भाजी."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. ते येणार हे मला ठाऊक होतं.

"पण वहिनींसारखी नाही."

"वहिनींसारखी म्हणजे कशी?"

"आता ते कसं सांगू?" ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. "वहिनींची तांदुळज्याची भाजी म्हणजे... पानात पडली की हिरवीगार दिसायची. आणि खाल्ली की कळायचं."

"काय कळायचं?"

"की ही वहिनींची."

मी ताट उचललं. वाटी जरा जोरातच आपटली असेल. ह्यांच्या काही ते कानावर गेलं नाही. हे उठून हात धुवायला गेले, आणि गुळणी करताना गाणंही गुणगुणत होते.

आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हे कालवा निरीक्षक होते. माळशिरस तालुक्यात कालव्याच्या काठाला सरकारी क्वार्टर्स होत्या, दोन खोल्या आणि मागे पडवी एवढ्याच. गाव लांब, बाजार आठवड्याचा. पण कालव्याच्या ओलीवर पाला मात्र वाटेल तेवढा. तांदुळजा, घोळ, चिवळ, सगळं आपोआप उगवलेलं. घरात काही नसलं की मी उठायचे, ओटीत पाला खुडून आणायचे, आणि भाकऱ्या तव्यावरून उतरेपर्यंत भाजी तयार असायची. पालेभाजीसारखी गरिबाची झटपट सोय दुसरी नाही.

ह्यांचा स्वभाव असा, की आमटीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. चांगलं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत. पुढ्यात येईल ते जेवायचे. माझ्या पुरणपोळ्यांना माहेरचं अख्खं गाव नावाजायचं, ह्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. जीभ सुटायची ती एका तांदुळज्यापाशी. लग्नाआधी हे संगमनेरजवळ ओझरला नोकरीला होते. तिथले ओव्हरसियर आबा निमकर ह्यांचे वरिष्ठ. एकटा मुलगा, खाणावळ नाही, म्हणून आबांनी जेवायला घरी बोलावलं ते तीन वर्षं हे तिथेच जेवले. द्वारकावहिनी म्हणजे आबांची बायको.

"दिसायला कशा आहेत हो?" एकदा मी विचारलं होतं.

"कोण?"

"वहिनी."

हे विचारात पडले. "वहिनी ना? वहिनींसारख्याच दिसतात."

अशा माणसाला पुढे काय विचारणार? मग चित्र माझं मीच काढलं. गोरीपान, उंच, लांब शेपटा, कपाळावर चंद्रकोर. भाजी ढवळताना मान किंचित कललेली. चित्र इतकं चांगलं जमलं की मला रात्रीची झोप येईना.

मी भाजीचे नाही नाही ते प्रयोग केले. मुगाची डाळ भिजवून घातली. शेंगदाण्याचं कूट घातलं. सुकं खोबरं भाजून घातलं. गुळाचा खडा घातला, त्या दिवशी हे म्हणाले, "आज गोड का केलीस?" शेजारच्या क्वार्टरमध्ये मोजणी कारकुनाची बायको राहायची, गोदूकाकू. जीभ अशी की विळीची गरज नाही. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "शरयू, पाला तोच, मीठ तेच. चव भाजीत नसते बाई. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात कोण ठाण मांडून बसलंय, ते बघ आधी."

"इश्श, काकू! वयाने मोठ्या आहेत त्या."

"मग तर जास्तच बघ."

अशातच एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले आणि सायकल भिंतीला टेकवायच्या आत ओरडले, "अगं, आबा येताहेत! आपल्या कालव्याच्या मोरीचे दरवाजे तपासायला. परवा येणार, एक मुक्काम. आणि वहिनीसुद्धा येताहेत बरोबर!"

दीड वर्षात हे असे ओरडलेले मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गावात जाऊन केस कापून घेतले. केस खरं म्हणजे मागच्याच आठवड्यात कापले होते.

मीही कंबर कसली. पुरणाची डाळ निवडली, वेलदोडे कुटले, कटाच्या आमटीचा मसाला भाजून ठेवला. पुरणपोळी, कुरडया, भजी, दोन चटण्या, कोशिंबीर. एवढं वाढायचं की पालेभाजीला पानात जागाच उरली नाही पाहिजे. त्या बाईने माझ्या घरात माझ्या हातचं जेवायचं, आणि हे समोर बसून बघणार. एवढं एकच मला हवं होतं. एकदा तिच्यासमोर ह्यांच्या तोंडून निघायला हवं होतं की हिच्या हाताला चव आहे.

आणि पाहुणे यायचे त्याच दिवशी सकाळी मला कावळा शिवला. अजून आठवडा अवकाश होता.

मी पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसले आणि डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. हे दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले. "काय झालं?"

मी सांगितलं.

"हात्तिच्या! मग त्यात काय? कर तू स्वयंपाक. इथं ना तुझी सासू, ना माझी. कोण बघतंय?"

"मी बघतेय की."

आमच्या माहेरी हे फार कडक होतं. चार दिवस बाजूला म्हणजे बाजूला. चुलीला हात नाही, पाण्याच्या हंड्याला नाही, कुणाला शिवायचं नाही. लग्न होऊन या आडरानात आले तरी मी ते सोडलं नव्हतं. पडवीत सरपणाच्या ढिगाशेजारी माझी घोंगडी, माझा तांब्या, माझी ताटली. त्या चार दिवसांत भाकरी-आमटी गोदूकाकूंकडून यायची. हे कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. त्यालाही कारण होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे चुलीपाशी येऊन कढईत डोकावायला लागले, तेव्हा मी म्हटलं होतं, "पुरुषांचं काय काम इथे? बाहेर बसा, वाढते." माझ्या आईचं वाक्य होतं ते. हे हसले आणि बाहेर गेले. तेव्हापासून चहासुद्धा ह्यांना बाहेर नेऊन द्यावा लागायचा.

"मग पाहुण्यांचं काय करायचं?" हे म्हणाले.

"गोदूकाकूंना सांगा."

गोदूकाकू नेमक्या भावाकडे नातेपुत्याला गेल्या होत्या. ह्यांनी हे मला सांगितलं, एक पिशवी उचलली आणि कालव्याच्या बाजूला निघून गेले. परत आले ते पिशवीभर तांदुळजा घेऊन. मी पडवीतून बघत होते. हे शीळ घालत होते.

पाहुणे बैलगाडीतून आले. आधी आबा उतरले. उंच, हडकुळे, कोटाच्या खिशात दोन पेनं. मागून वहिनी उतरल्या, आणि माझं चित्र धाडकन फुटलं. ठेंगणी बाई, रंगाने माझ्याहून काळी, अंगाने रुंद, पुढच्या दोन दातांत फट. चाळिशीला आलेली असावी. नऊवारी खोचून घेतलेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले. हसल्या की सगळ्या बांगड्या वाजायच्या.

घटकाभर मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण ते घटकाभरच. सुंदर बाईवर जळायचं तर एक बरं असतं, कशावर जळतोय ते निदान समोर दिसतं. अशा बाईला हा माणूस लग्नाला दीड वर्ष होऊनही विसरत नाही, म्हणजे हिच्यापाशी काहीतरी असं होतं, जे मला दिसतच नव्हतं.

"कुठाय सूनबाई? म्हणजे, जाऊबाई!" त्या सरळ मागे आल्या आणि मला घोंगडीवर बघून जागीच थबकल्या. "अगं बाई! आजच मुहूर्त सापडला होय तुला? मी ओटी भरायला खण-नारळ आणलाय."

"नमस्कार करते लांबूनच," मी म्हटलं.

"कर. ओटी कोनाड्यात ठेवते, न्हालीस की माझ्या नावाने घे. आणि तू उठू नकोस, काळजी करू नकोस. मला काय हे घर परकं आहे?" मग आत तोंड करून मोठ्याने, "भावजी! चला, स्वयंपाकघर दाखवा तुमचं."

आणि दोघं आत गेले. वारा चुलीवर येतोय म्हणून पडवीकडचं दार कोणीतरी लोटून घेतलं.

त्या दारासमोर मी जी बसले, तसं बसणं माझ्या आयुष्यात पुन्हा आलं नाही. चूल माझी, कढई माझ्या आईने दिलेली, कोनाड्यातल्या डब्यांवर मी स्वतः रंगवलेली नावं. आणि आत एक परकी बाई माझ्या नवऱ्याला विचारत होती, "तिखट कुठाय? मीठ कुठाय?" आणि ह्यांना काही म्हणजे काही सापडत नव्हतं. झाकणं पडत होती आणि दोघं हसत होते.

"अहो, हा हिंग आहे!"

"मग जिरं कुठं ठेवते ही?"

"मला काय विचारता? लग्न तुमचं झालंय की माझं?"

पुन्हा हसणं. मला ओरडून सांगता आलं असतं, की वरच्या फळीवर, पितळेच्या डब्यात. मी ओठ घट्ट मिटून बसले. शोधा म्हटलं. सापडू नये जिरं. जळून जाऊ दे सगळं.

मग विळीचा आवाज सुरू झाला. कच्च, कच्च, हळूहळू पाला चिरल्याचा. माझ्याहून सावकाश हात होता. मी कान देऊन ऐकत होते. एवढी नावाजलेली बाई, आणि हिला चिरता येत नाही झरझर? मनातल्या मनात मी एक गुण माझ्या खात्यात टाकला.

तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. उंबऱ्यावर ऐसपैस बसल्या, पाय पडवीत सोडले, पदराने वारा घ्यायला लागल्या. "फार उकडतंय गं तुझ्या स्वयंपाकघरात. जरा बसते तुझ्याजवळ."

मी काही बोलायच्या आतच मला ऐकू आलं.

कच्च. कच्च.

वहिनी माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. आणि आत विळी चालूच होती.

"झालं का हो भावजी चिरून?" वहिनी मान न वळवता म्हणाल्या.

"झालं. लसूण किती?"

"मूठभर पाकळ्या. नुसत्या चेचा, पीठ नका करू त्याचं. आणि मिरच्या मोडून टाका. तेल तापलं?"

"धूर यायला लागलाय."

"मग वाट कसली बघताय?"

चर्र आवाज आला. लसणीचा वास दारातून बाहेर आला. मी घोंगडीवरून एवढी पुढे सरकले की मला आत दिसलं. माझा नवरा, ज्याने दीड वर्षात चहाचं आधण ठेवलं नव्हतं, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या चुलीसमोर उकिडवा बसला होता. खांद्यावर पंचा. कपाळावर राख. दोन्ही हातांनी कढईत पाला लोटत होता.

"मीठ घालू का?" हे आतून म्हणाले.

"हात मागे! अजून डोंगर आहे तो. पालेभाजीचा डोंगर बघून मीठ घालणारा फसतो. आधी बसू दे खाली."

"झाकण?"

"झाकण ठेवलंत तर माझी शपथ आहे. काळीठिक्कर पडेल." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ऐक आता. पाला पडला की आधी ओरडतो. मग पाणी सुटतं, गप्प होतो. तेव्हा मीठ. मग पाणी आटत आलं की पुन्हा बारीक आवाजात बोलायला लागतो. त्या वेळी कढई खाली. एक क्षण पुढे नाही."

आणि खरंच, आतला आवाज कमी कमी होत बंद झाला.

"आता मीठ!" वहिनी ओरडल्या.

आत मीठ पडलं. थोडा वेळ काहीच नाही. वहिनींनी डोळे मिटले होते. मग बारीक चुरचुर सुरू झाली.

"उतरवा."

जेवणं झाली. मला ताटलीत वरून वाढलं, भाकऱ्या वहिनींनी थापल्या होत्या. आबांनी मान वर न करता तीनदा भाजी घेतली. मी पहिला घास घेतला. तांदुळजा, लसूण, मिरची, मीठ. दुसरं काही नाही. हिरवीगार, पानं मऊ आणि देठ किंचित कुरकुरीत. माझ्यापेक्षा चांगली होती. रागाने घास तोंडात फिरत होता, आणि तरी मी ताटली पुढे केली.

दुपारी पुरुषमाणसं मोरी बघायला कालव्यावर गेली. वहिनी उंबऱ्यावर सुपारी कातरत बसल्या. कातरता कातरता म्हणाल्या, "सकाळपासून बघतेय. तुझ्या डोळ्यांत मला बघून काटे उभे राहतात. काय ते बोलून टाक. उद्या मी जाणार."

मी बोलून टाकलं. "हे म्हणतात, माझ्या भाजीला तुमच्या भाजीची सर नाही. रोज म्हणतात."

वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला. आधी त्यांना कळलंच नाही. आणि मग त्या जे हसायला लागल्या, ते डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "माझी भाजी? अगं, माझी भाजी तुझ्यासारखीच होते! घाई असते, झाकण ठेवते, काळी पडते. आबा कधी बोलले नाहीत, कारण आबांना भाजी आणि चारा यांतला फरक कळत नाही. तुझा नवरा ज्या भाजीचं गुणगान गातो, ती त्याने स्वतः केलेली आहे!"

"स्वतः?"

"मग काय तर. मी अशी तुझ्यासारखी बाजूला बसायची. आबांना पाणी उकळायला सांगितलं तर भांडं जाळतील. एकदा दोन दिवस दोघं चुरमुरे खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी भावजी म्हणाले, वहिनी, तुम्ही बाहेरून सांगा, मी आत करतो. भाकरी काही जमली नाही त्यांना, भाताचा गोळा व्हायचा. पण ही भाजी जमली. मी बाहेर बसून सांगायची, आवाजावरून. माझंही लक्ष चुलीच्या आवाजाकडे तेव्हाच पहिल्यांदा गेलं. स्वतः चुलीपुढे असताना कोण ऐकतंय?"

मला हसू यायला हवं होतं. गोदूकाकू असत्या तर लोळल्या असत्या. पण मला दिसत होता तो ओझरच्या चुलीपुढे उकिडवा बसलेला माझा नवरा.

"म्हणजे तुमच्यासाठी त्यांनी चूल फुंकली," मी म्हटलं.

वहिनींचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हो. फुंकली."

"माझ्या घरात भाकरी शेजारून येते."

"सलतंय?"

"सलतंय."

"सलू दे." त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला, पण कातरलं नाही. "मलाही सललं होतं. तुमच्या लग्नाला आम्ही आलो नाही. आबांना रजा नाही म्हणून कळवलं होतं ना? रजा होती. मीच म्हटलं, माझं डोकं दुखतंय."

मी घोंगडीवर सरळ होऊन बसले.

"चुकीचं काही मनात आणू नकोस. माझ्यापेक्षा केवढ्याने लहान आहेत भावजी. पण तूच सांग, बाईचं कोण ऐकतं गं घरात? मी आबांशी बोलते, आबा वर्तमानपत्र वाचतात. मूल झालं नाही, म्हणून गावाकडे सासूने बोलणंच टाकलेलं. आणि महिन्यातले ते चार दिवस, मी मागच्या दारात बसून म्हणायची, आता मीठ, की आत कोणीतरी त्याच क्षणी मीठ घालायचं. मी म्हणायची उतरवा, की कढई खाली. एवढंच. त्यांचं लग्न ठरलं असं कळलं, तेव्हा वाटलं, आता हे सगळं त्या मुलीला मिळणार." त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "आणि येऊन बघते, तर तू शेजारून भाकरी मागवतेस! घरात दोन चांगले हात, बाहेर तुझं धडधाकट तोंड, आणि मध्ये नुसता एक उंबरा."

"ते कधी म्हणालेच नाहीत, की मी करतो."

"सकाळी जिरं शोधताना मी विचारलं त्यांना. म्हणाले, तिच्या चुलीपाशी मला मनाई आहे."

कालव्याच्या बाजूने दोघं परत येताना दिसले. आबा पुढे आणि हे मागे, हातात पुन्हा कसलातरी पाला.

"हे बघ," वहिनी पदर झटकत उठल्या, "पुन्हा तांदुळजा. या माणसाला दुसरी भाजी माहीत आहे की नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हे रस्त्यात उभे होते. मी पडवीच्या कोपऱ्यातून बघत होते, तेही मला दिसत होतं, आणि सलतही होतं. बोलून टाकल्याने सल जातो, असं ज्यांनी म्हटलं त्यांनी कधी मनापासून मत्सर केलेला नसावा.

संध्याकाळी गोदूकाकू परतल्याचा आवाज आला. हे पायात वहाणा घालून त्यांच्याकडे सांगायला निघाले.

"अहो," मी पडवीतून म्हटलं.

"काय?"

"विळी कोनाड्यात आहे."

हे थांबले. वहाणा काढल्या. आत गेले. मी उंबऱ्याच्या बाहेर, वहिनींच्या कालच्या जागेवर घोंगडी ओढून बसले. लाकडं कुठली घ्यायची ते सांगितलं. जिरं वरच्या फळीवर, पितळेच्या डब्यात, हे सांगितलं. हे चिरत होते आणि मी बाहेर बघत होते. कालव्याच्या पाण्यावर पिवळा उजेड पडला होता.

तेल तापलं. लसूण पडली. पाला पडला आणि ओरडला.

"मीठ?" आतून आवाज आला.

"थांबा."

मला भीती वाटत होती. हे हसण्यासारखं आहे, पण वाटत होती. मला जर ती गप्प व्हायची वेळ कळली नाही तर? वहिनींना कळायची, आणि मला कळली नाही तर? मी डोळे मिटले. आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि एका ठिकाणी थांबला.

"आता."

त्याच क्षणी मीठ पडलं. हे अगदी हात वर धरूनच बसले असणार. त्या मिठाच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या शब्दाची आत कोणीतरी वाट बघतंय, हे मला दाराच्या बाहेर बसून कळत होतं. मग बारीक चुरचुर सुरू झाली आणि मी म्हटलं, "उतरवा." कढई खाली आल्याचा ठक्क आवाज आला.

ह्यांनी माझ्या ताटलीत वाढलं आणि स्वतः उंबऱ्याच्या आत पान घेऊन बसले. भाकऱ्या तेवढ्या हाक मारून शेजारून मागवल्या होत्या. मी घास घेतला. हे जेवायचे थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कशी झालीय?"

मी सावकाश चावला घास. पाणी प्यायले.

"छान झालीय," मी म्हटलं. "पण वहिनींसारखी नाही."

ह्यांचा चेहरा असा उतरला, की दीड वर्षाचं सगळं फिटलं. मग ह्यांना समजलं, आणि आम्ही दोघं एवढं हसलो, की गोदूकाकू कुंपणापाशी येऊन विचारायला लागल्या, "काय गं शरयू, पाहुणे गेले ना?"

गोदूकाकूंचा कारकून पुढे बढतीवर पुण्याला गेला. काकूंनी तिथल्या चाळीत दोन सुना सांभाळल्या आणि दोघींनाही पुरून उरल्या. आबा निवृत्त झाल्यावर संगमनेरलाच राहिले, आणि एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचताच गेले. वहिनी त्यानंतर बरीच वर्षं होत्या. दोनदा आमच्याकडे येऊन राहिल्या. आल्या की हे भाजी करायचे आणि सांगायची पाळी कोणाची, यावर आमच्या दोघींची तणातणी व्हायची. वरवर थट्टेत असायची. त्यांनी दिलेल्या त्या खणाची चोळी मी विरेपर्यंत वापरली.

वहिनी गेल्याचं कळलं, त्या दिवशी हे मंडईतून तांदुळजा घेऊन आले. आम्ही तोवर पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. माझं बाजूला बसणं कधीच संपलं होतं, तरी महिन्यातले काही दिवस हे भाजी करायचेच आणि मी दाराशी खुर्ची ओढून सांगायची. त्या दिवशी मी खुर्ची ओढली नाही. बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आत सगळे आवाज व्हायचे तसे झाले. मीठ मात्र उशिरा पडलं. भाजी थोडी लागली होती. आम्ही दोघांनी ती सगळी संपवली.

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी मुलीकडे असते. तिच्या ओट्यावर धूर ओढणारा पंखा आहे, तो चालू असला की कढईतलं काही ऐकू येत नाही. ती कामावर गेली की मी तो बंद करते आणि मूठभर पाला टाकते. एकटीपुरता. आधी ओरडतो, मग गप्प होतो. मीठ मीच घालते. आताशा भाजी अगदी वहिनींसारखी होते.

आणि पाणी आटेपर्यंतचा तो जो गप्प वेळ असतो, त्यात अजूनही माझ्या मनात तेच येतं. त्या वेळात दोघांना करायला दुसरं काही नसणार. मग ओझरच्या त्या मागच्या दारात, या गप्प वेळात, ती दोघं काय बोलत असतील? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर दोघांपैकी कोणीतरी सांगितलं असतं, एवढी दोघं साधी होती. आता चुरचुर सुरू होते, आणि मी कढई खाली घेते.